मक्षिकास्थाने मक्षिका

पोथीची नक्कल उतरवायला बसलेल्या लेखनिकाला मूळ पानावर एक मेलेली माशी चिकटलेली दिसली. गड्याने इकडेतिकडे पाहिले, एक माशी मारली आणि आपल्या पानावर त्याच ओळीत, त्याच अक्षरापाशी नेऊन चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. डोके बाजूला ठेवून केलेल्या नकलेला आपण आजही हेच म्हणतो आणि म्हणताना नाक मुरडतो. एक धंदा मात्र असा आहे, की तिथे हे दोन शब्द प्रशस्तिपत्रासारखे चौकटीत लावावेत. तो म्हणजे प्रोसेसरचा एम्युलेटर लिहिण्याचा धंदा.

एम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा प्रोग्राम. १९७८ सालच्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ आजच्या लॅपटॉपवर चालवायचा, तर खाली आपला जुना प्रोसेसर नाही याचा त्या खेळाला शेवटपर्यंत संशय येता कामा नये. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तेव्हा शिट्टी, पट्टा, दरडावणे सगळे घेऊन येतो. एम्युलेटरला एवढ्यावर भागवता येत नाही. एखाद्या ठरावीक हवालदाराचे लंगडणेसुद्धा त्याला आणावे लागते. कारण खेळ लिहिणाऱ्याने कधीतरी त्या लंगडण्यावरच भिस्त ठेवलेली असते.

या मंडळींचा ठेवणीतला विनोद असा: सीपीयू (म्हणजे प्रोसेसरच) एम्युलेटरमध्ये असते काय? एक व्हाइल लूप, आत एक स्विच, त्यात २५६ केस. झाले. व्हाइल लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करत राहणे, स्विच म्हणजे आकडा बघून वाट निवडणे आणि केस म्हणजे त्यातली एकेक वाट. आठ बिटांच्या, म्हणजे एका वेळी आठ शून्य-एकांचा एक बाइट हाताळणाऱ्या, प्रोसेसरपुरता यातला एकही शब्द खोटा नाही. प्रोग्राम काउंटर, म्हणजे पुढचा हुकूम कुठे आहे ते सांगणारा आकडा, बोट दाखवेल तिथला बाइट उचला, तो कोणता हुकूम ते ओळखा, त्याप्रमाणे रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खणांत, फेरफार करा, काउंटर पुढे सरकवा, पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकून जो हसत नाही, त्याने अजून एम्युलेटर लिहिलेला नाही असे खुशाल समजावे.

नवशिक्याच्या हाती पहिला रुग्ण म्हणून चिप-८ देतात. गंमत इथूनच सुरू होते, कारण चिप-८ नावाचा प्रोसेसर कधी अस्तित्वातच नव्हता. जोसेफ वाइसबेकर यांनी १९७० च्या दशकात आरसीए कंपनीच्या कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या संगणकासाठी, खेळ झटपट लिहिता यावेत म्हणून रचलेली ती एक भाषा. यंत्रातला खरा प्रोसेसर होता आरसीए १८०२; चिप-८ चे हुकूम त्याच्यावर एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे हुकूम एकेक वाचून पार पाडणारा प्रोग्राम, चालवायचा. म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांचा ‘माझा पहिला एम्युलेटर’ हे मुळात सोंगाचे सोंग आहे.

सोंग मात्र सुबक. ४०९६ बाइट मेमरी, आठ बिटांची १६ रजिस्टरे, ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा, १६ कळा आणि ३५ हुकूम. प्रोग्राम भरायचा तो ५१२ व्या जागेपासून, कारण मूळ यंत्रात त्याआधीच्या जागेत इंटरप्रिटर स्वतः राहत असे. आता ते घर रिकामे आहे. तिथे ० ते एफ या १६ अक्षरांचा फॉन्ट ठेवतात, प्रत्येकी ५ बाइट, एकूण ८०. पडदा पुसणे, उडी मारणे, रजिस्टरात आकडा भरणे, त्यात आकडा मिळवणे, मेमरीतला पत्ता ठेवणारे आय रजिस्टर भरणे आणि चित्र काढणे एवढे सहाच हुकूम लिहिले, की आयबीएमचे बोधचिन्ह दाखवणारा एक चिमुकला रॉम, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, चालू लागतो. प्रत्येकाचा पहिला स्क्रीनशॉट तोच. सहा हुकमांत एवढे दिसले म्हणजे उरलेले २९ रविवारी दुपारी होतील, असे त्या क्षणी वाटते.

रविवारी दुपारी भेटते व्हीएफ. बेरजेचा हातचा या सोळाव्या रजिस्टरात जातो. पण बेरजेचे उत्तरही व्हीएफमध्येच ठेवायला सांगितले तर? तिथे हातचा जिंकतो. तेव्हा उत्तर आधी लिहायचे आणि हातचा सगळ्यांत शेवटी. त्यातही हातचा आहे की नाही हे मात्र उत्तर लिहिण्याआधी ठरवून बाजूला ठेवायचे, कारण उत्तर लिहिताना मूळ आकडा पुसला जातो आणि पुसलेल्या आकड्याशी तुलना करून काढलेला हातचा कधी बरोबर येतो, कधी नाही. ‘कधी बरोबर’ हा प्रकार सर्वांत वाईट. पूर्ण चुकलेला प्रोग्राम निदान प्रामाणिक असतो.

पुढचा खड्डा बिटे सरकवण्याच्या हुकमाचा. व्हीआयपीवर तो दुसऱ्या रजिस्टरातला आकडा सरकवून पहिल्यात ठेवायचा. १९९० च्या सुमारास चिप-८ एचपी-४८ कॅल्क्युलेटरवर गेले, तेव्हा तिथल्या आवृत्तीत दुसऱ्या रजिस्टराकडे बघणेच बंद झाले. पहिलेच जागच्या जागी सरकू लागले. तोवर जुन्या पद्धतीचे खेळ होते, मग नव्या पद्धतीचेही झाले. त्यामुळे आज चिप-८ च्या कुठल्याही शहाण्या एम्युलेटरमध्ये एक यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. यादी कसली, तर चुकांची. हॉटेलात मिसळ कमी तिखट की झणझणीत विचारतात, तसे इथे विचारतात: कोणत्या सालची चूक देऊ?

वेगाचे तर काही ठरलेलेच नाही. टायमर सेकंदाला ६० वेळा कमी होतात एवढाच नियम. सेकंदाला हुकूम किती, ते ज्याचे त्याने बघावे. ५०० ते ७०० ठेवले तर बहुतेक खेळ खेळण्यासारखे होतात. ही वेसण घालायला विसरले तर आजचा प्रोसेसर चेंडू टोलवण्याचा खेळ सुरू करून, हरून, संपवून मोकळा होतो आणि माणूस अजून कळ शोधत असतो.

चिप-८ पार पडले की माणूस धीट होतो आणि इंटेल ८०८० कडे वळतो. कारण एकच: तैतो कंपनीचा १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स या प्रोसेसरवर चालायचा. ८ केबीचा रॉम दोन-दोन केबीच्या चार तुकड्यांत मिळतो आणि जोडायचा क्रम आहे एच, जी, एफ, ई. वर्णमालेवर विश्वास ठेवून ई पासून जोडणारे पहिला तास तिथेच घालवतात.

८०८० च्या हुकमांची आखणी मोठी देखणी आहे. हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या मोजणीतले, ४० ते ७एफ हा ६४ आकड्यांचा सलग पट्टा एका जागेतला बाइट दुसऱ्या जागी नेणाऱ्या मूव्ह हुकमांचा. तीन बिटे सांगतात कुठे, पुढची तीन सांगतात कुठून. सरळ सूत्र असल्यामुळे त्यात ‘बीमधून बीमध्ये’, ‘सीमधून सीमध्ये’ (बी, सी ही रजिस्टरांची नावे) असे सात हुकूमही आपोआप येतात. काम शून्य, तरी ८०८० त्यासाठी पाच स्टेट, म्हणजे घड्याळाची पाच चक्रे, खर्च करतो. फाइल साहेबांच्या टेबलावरून उचलायची, जावक नोंद करायची, आवक नोंद करायची आणि त्याच टेबलावर ठेवायची. आठवा हुकूम ‘मेमरीतून त्याच मेमरीत’ असा झाला असता; इंटेलने तो काढून घेतला आणि ७६ हा आकडा हॉल्टला, म्हणजे थांबण्याच्या हुकमाला, दिला. सूत्राच्या प्रेमात पडून ६४ च्या ६४ केस दोन ओळींत उरकणारा प्रोग्रामर ७६ विसरतो आणि त्याचा प्रोसेसर थांबायचे नावच घेत नाही. ‘बीमधून बीमध्ये’ या रिकामटेकड्याला पुढे नोकरीही लागली. गेमबॉयच्या प्रोसेसरात हेक्स ४० चा अर्थ तोच आहे. काही गेमबॉय एम्युलेटर तो बाइट दिसला की खेळ थांबवून डीबगर, म्हणजे चुका शोधायचे साधन, उघडतात. खऱ्या यंत्रावर त्याने काहीच होत नाही, म्हणून तर तो निवडला.

खरी कसोटी लागते डीएए या हुकमाशी. प्रोसेसर बेरीज करतो सोळाच्या हिशेबाने आणि गुण दाखवायचे असतात दहाच्या हिशेबाने. २७ आणि १५ हे आकडे दशमान अंक समजून मिळवले तर यंत्राला येते ३सी. डीएए बघतो: खालचा अर्धा बाइट ९ च्या वर आहे, किंवा त्यातून हातचा निघाला आहे? मग ६ मिळवा. ३सी चे ४२ झाले. वरच्या अर्ध्याचेही तसेच, फक्त हेक्स ६० मिळवायचे. नियम चार ओळींचा. पण तो चालण्यासाठी बाइटच्या मध्यावरचा हातचा, म्हणजे ऑक्झिलरी कॅरी, प्रत्येक बेरीज-वजाबाकीत जपून ठेवावा लागतो आणि नेमका तोच आळशीपणाने गाळलेला असतो. परिणाम लगेच दिसत नाही. परग्रहवासी उतरतात, तोफ गोळे सोडते, सगळे छान चालते. डीएए साफ गाळलेला असेल तर मात्र ९० गुणांनंतर १०० च्या जागी भलतेच अक्षर उमटते. आणखी एक खोड: दोन बाइटांचा अँड घेताना ८०८० हा ऑक्झिलरी कॅरी दोघांच्या चौथ्या बिटांवरून ठरवतो, तर त्याचाच धाकटा भाऊ ८०८५ तो सरळ १ करतो. पाठ्यपुस्तक एकाचे आणि एम्युलेटर दुसऱ्याचा, असे झाले की रात्र गेली.

सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी खास सापळा म्हणजे एक बाइट ठेवायचा कॅर हा प्रकार. पीसीवर तो सहसा उणे-अधिक मानणारा असतो. त्यात मेमरीतला हेक्स ८० ठेवला की त्याचे उणे १२८ होते. पुढे सोळा बिटांचा पत्ता बनवताना डावीकडे एफएफ येऊन चिकटते आणि उडी भलत्याच गावी जाऊन पडते. बाइट नेहमी अनसाइन्ड, म्हणजे उणे न मानणारा. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही प्रत्येक जण एकदा पडतो.

मग पडद्यावर पहिल्यांदा चित्र येते आणि परग्रहवासी कुशीवर आडवे झोपलेले दिसतात. हा दोष आपला नसतो. त्या यंत्रात मॉनिटर ९० अंशांत फिरवून बसवलेला होता. मेमरीतले ७१६८ बाइट वाचून चित्र डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की ते उभे राहतात. शिवाय प्रत्येक चित्रामागे दोन इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच अडवणारे इशारे, द्यायचे, एक पडद्याच्या मध्यावर, एक तळाशी. पडद्यावर चित्र काढणारा किरण एका भागात असताना खेळ दुसऱ्या भागात रंगकाम उरकतो. २ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने एका चित्राला ३३,३३३ चक्रे, म्हणजे दर १६,६६७ चक्रांनी एक इंटरप्ट. एवढे होऊनही परग्रहवासी फाटके दिसले तर चूक प्रोसेसरात नाही. ८०८० ला बिटे एका वेळी एकच घर सरकवता येतात. खेळाला ते परवडणारे नव्हते, म्हणून बोर्डावर सरकवण्याचे काम करणारी वेगळी चिप लावली होती. पोर्ट म्हणजे बाहेरच्या चिपांशी देवघेव करायची खिडकी: पोर्ट २ वर किती सरकवायचे ते सांगायचे, पोर्ट ४ वर माल द्यायचा, पोर्ट ३ वरून तयार माल उचलायचा. आपण प्रोसेसरचा एम्युलेटर लिहायला बसलो होतो आणि यंत्राचा लिहितो आहोत, हे सहसा इथे लक्षात येते.

या खेळाची सगळ्यांत गाजलेली खुबी म्हणजे शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने धावू लागतात. एका चित्रात एकच परग्रहवासी पुढे सरकवायचा, अशी त्याची रचना आहे. ५५ जिवंत असताना सगळ्यांची पाळी यायला ५५ चित्रे लागतात, म्हणजे जवळपास एक सेकंद. शेवटचा एकटा उरला की दर चित्राला त्याचीच पाळी. यंत्राची मंदगती हाच खेळाचा थरार. ‘सुधारलेला’ एम्युलेटर लिहून सगळे ५५ एकदम हलवले, तर ते तांत्रिकदृष्ट्या प्रगत आणि खेळ म्हणून वांझ होईल.

८०८० च्या एम्युलेटरचा एक किस्सा या जमातीत कुळकथेसारखा सांगतात. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ८०८० वर चालणारा अल्टेअर ८८०० हा छोटा संगणक झळकला. पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहायचे ठरवले, आणि अल्टेअर तर दोघांपैकी कुणाच्याच हाती नव्हता. अ‍ॅलन यांनी नुसत्या माहितीपुस्तिकेच्या आधारे हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८० चे सोंग उभे केले आणि बेसिक त्या सोंगावर घडवली गेली. पुस्तिकेतला एक ऑपकोड, म्हणजे हुकमाचा आकडा, वाचताना चुकला असता तर सोंगही चुकले असते, बेसिकही त्याला जुळवून चुकली असती आणि दोघे मिळून पीडीपी-१० वर झकास चालले असते! अ‍ॅलन विमानाने अल्टेअरच्या कंपनीकडे अल्बुकर्कला निघाले आणि वाटेत आठवले की कागदी पट्टीवरून बेसिक आत भरणारा लोडरच लिहिलेला नाही. तो त्यांनी विमानात हाताने लिहिला. खऱ्या अल्टेअरने पट्टी वाचली, मेमरी किती म्हणून विचारले आणि दोन अधिक दोनचे उत्तर चार छापले.

आपल्याकडच्या वाचकांची गाठ पडलेली असते ती ८०८५ शी. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पिढ्यांनी तोंडीला जाताना घोकलेले वाक्य आहे: ७४ इन्स्ट्रक्शन, २४६ ऑपकोड. २५६ मधून २४६ गेले, उरले १०. ते कुठे गेले, हे तोंडीत सहसा विचारत नाहीत. ते चिपमध्येच आहेत. इंटेलने बसवले आणि पुस्तिकेत छापले नाहीत. हेक्स ०८ दिला तर एचएल या रजिस्टरांच्या जोडीतून बीसी ही जोडी वजा होते, १० दिला तर एचएल उजवीकडे सरकते. आता किटवर, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या बोर्डावर, प्रोग्राम भरताना घाईत ८० च्या जागी ०८ दाबले गेले असे समजा. ८० म्हणजे बीची बेरीज. खरी चिप चकार शब्द न काढता सोळा बिटांची वजाबाकी करून पुढे जाते आणि मुलगा बेरजेत चूक शोधत बसतो. छापील तक्त्यावरून लिहिलेला सिम्युलेटर मात्र ‘असा ऑपकोड नाही’ म्हणून तक्रार करतो. मुलाच्या दृष्टीने सिम्युलेटर बरा, पण नक्कल म्हणून नापास. जाता जाता: काही किटांवर प्रोग्रामच्या शेवटी हॉल्टऐवजी सीएफ किंवा ईएफ टाकायला सांगत. तो मंत्र नव्हे. हे दोन्ही आरएसटी, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर उडी मारणारे हुकूम; ताबा परत किट सांभाळणाऱ्या मॉनिटर प्रोग्रामकडे द्यायची ती सोय. सिम्युलेटरात मॉनिटर प्रोग्राम नसला तर हाच सीएफ रिकाम्या मेमरीत उडी मारतो.

६५०२ हा मात्र या सगळ्यांचा लाडका. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनाच्या निमित्ताने मॉस टेक्नॉलॉजीच्या चक पेडल यांनी तो २५ डॉलरला विकायला आणला. माल भरपूर आहे असे दिसावे म्हणून बरणी चिपांनी भरून ठेवली होती आणि चालणाऱ्या चिपा वरच्या थरातच होत्या, असे पेडल नंतर सांगत. या प्रोसेसरात ५६ हुकूम आणि त्यांचे १५१ ऑपकोड. उरलेल्या १०५ जागा रिकाम्या, म्हणजे कागदावर रिकाम्या. चिपच्या आत ऑपकोडच्या बिटांवरून थेट तारा जागृत होतात. शेवटची दोन बिटे ०१ असली तर एक गट, १० असली तर दुसरा. ११ दिली की दोन्ही गट एकदम जागे होतात. त्यातून एका हुकमात ए आणि एक्स ही दोन्ही रजिस्टरे भरणारा लॅक्स जन्मला. कुणी आखला नव्हता, पण काम चोख करतो, आणि काही खेळांनी तो वापरलासुद्धा. १२ ऑपकोड असे की प्रोसेसर जागीच गोठतो. रीसेटशिवाय उपाय नाही.

त्याची प्रसिद्ध माशी म्हणजे अप्रत्यक्ष उडी. पत्ता ३०एफएफ या ठिकाणी ठेवला आहे, तिथून वाचून उडी मार, असे सांगितले तर पहिला बाइट ३०एफएफ मधून आणि दुसरा ३१०० मधून यायला हवा. ६५०२ पानाच्या, म्हणजे मेमरीच्या २५६ बाइटांच्या तुकड्याच्या, टोकाला पोचतो आणि हातचा न घेता त्याच पानाच्या सुरुवातीला, ३००० वर, परत येतो. पुढे ६५सी०२ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. पण निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या खेळयंत्रात रिको कंपनीचा जो ६५०२ च्या घराण्यातला २ए०३ बसला त्यात ती आहे, म्हणून एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी अवताराच्या, एम्युलेटरमध्येही ती हवीच. त्याच रिकोने दशमान बेरजेची सोय मात्र बंद करून टाकली. त्या सोयीचा फ्लॅग, म्हणजे खुणेचे बिट, लावता येतो, काढता येतो, स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर, ठेवता येतो. परिणाम काहीच नाही. ६५०२ चे दशमान गणित कष्टाने, अचूक लिहून एनईएससाठी वापरणारा माणूस स्वतःच्या अचूकपणामुळे चुकतो.

तपासायला नेसटेस्ट नावाचा रॉम वापरतात. तो हेक्स सी००० पासून सुरू करायचा, प्रत्येक हुकमाआधी काउंटर, ऑपकोड, रजिस्टरे आणि चक्रांची मोजणी एका ओळीत छापायची आणि बरोबर चाललेल्या एम्युलेटरच्या लॉगशी ओळीला ओळ लावायची. जवळपास ९००० ओळी. जिथे पहिला फरक दिसेल तिथल्या हुकमावर तुटून पडू नये; ओळ हुकूम चालण्याआधी छापली आहे, तेव्हा गुन्हेगार तिच्या आधीच्या ओळीत असतो. फरक पी या फ्लॅगच्या रजिस्टरात असेल तर बहुतेक वेळा पाचव्या क्रमांकाचे बिट नडलेले असते. ते बिट रजिस्टरात खरे म्हणजे नाहीच. स्टॅकवर ढकलताना तेवढे १ म्हणून जाते. अस्तित्वात नसलेल्या बिटाची किंमत जपायची, हे ज्याला पटले त्याला अध्यात्म वेगळे शिकवायला नको.

एका ठिकाणी मात्र लेखनिकाचा हात थांबतो. हेक्स ८बी हा ऑपकोड ए, एक्स आणि दिलेला बाइट यांचा अँड घेतो, पण आधी ए मध्ये एक गूढ आकडा मिसळतो, आणि तो आकडा चिप कोणत्या घाण्याची, किती तापली आहे, यावर बदलतो. एकाच यंत्रावर सकाळी एक, दुपारी दुसरा. एम्युलेटरवाले ईई किंवा एफएफ असा एखादा आकडा ठरवून टाकतात, शेजारी कॉमेंटमध्ये क्षमायाचना करतात आणि पुढे जातात. मूळ पोथीतली ही माशी अजून जिवंत आहे. पानावर नेमकी कुठे चिकटवायची?

मोटोरोला ६८०० चे ९डी आणि डीडी हे दोन ऑपकोडही असेच चावट. ते दिले की प्रोसेसर सगळे सोडून पत्ते मोजू लागतो, एकामागून एक, थांबणे नाही. गेरी व्हीलर यांनी डिसेंबर १९७७ च्या ‘बाइट’ मासिकात छापील यादीबाहेरचे हुकूम मांडले आणि याला नाव दिले एचसीएफ: हॉल्ट अँड कॅच फायर, थांब आणि पेट घे. नाव आधीपासूनच्या थट्टेतले. आग लागत नाही. एम्युलेटरमध्ये तो लिहिणे सर्वांत सोपे, कारण आपले बहुतेक हुकूम पहिल्या दिवशी असेच वागत असतात.

सगळ्याच माशा उतरवायच्या का? पेंटियमचे उदाहरण घ्या. १९९४ मध्ये उघड झाले की त्याच्या भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गळाल्या आहेत. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की १.३३३८ च्या जागी १.३३३७ यायचे. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तजवीज करावी लागली आणि दिवा बदलायला पेंटियमचे किती इंजिनिअर लागतात, याचे उत्तर १.९९९०४ असे झाले. पण बहुतेक एम्युलेटरांत भागाकार बरोबर येतो, कारण त्या चुकीवर विसंबून कुणी काही लिहिले नव्हते. जी माशी कुणीतरी अनुस्वार समजून वाचली आहे, ती ठेवायची. बाकीच्या झटकल्या तरी चालतात.

अनुस्वार समजून वाचलेल्या माशीचा शिरोमणी म्हणजे ए-२० ची तार. ८०८६ ला पत्त्याच्या २० तारा होत्या, म्हणजे एक मेगाबाइट. त्याच्या पुढचा पत्ता काढला की वरचा हातचा गळून तो शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्रामांनी या गळण्याचा उपयोग करून घेतला. १९८४ मध्ये आयबीएमने ८०२८६ लावून पीसी एटी आणला. आता तारा २४, हातचा गळेना, ते प्रोग्राम अडखळणार. उपाय म्हणून एकविसाव्या तारेला (मोजणी शून्यापासून, म्हणून ए-२०) फाटक बसवले. फाटक उघडायला-मिटायला एक पिन हवी होती आणि ती मोकळी सापडली कीबोर्डच्या कंट्रोलरवर. तेव्हापासून एक मेगाबाइटच्या वरची मेमरी नीट वापरायची तर आधी कीबोर्डच्या चिपला अर्ज करावा लागे. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडण्यासाठी स्वयंपाकघरातला नळ सोडायचा. पीसीचा एम्युलेटर लिहिणारा माणूस कीबोर्ड शेवटी बघू म्हणतो आणि मेमरीच्या चाचणीत आपटतो, त्यामागे हा इतिहास आहे. त्यातच मेमरीतला प्रत्येक पत्ता फाटकापाशी तपासायचा, म्हणजे सर्वांत जास्त वेळा चालणाऱ्या ओळीत आणखी एक जर-तर.

वेग हा या मंडळींचा दुखरा भाग, म्हणून काहींनी तोच उलटा करून विनोद केला. २०१२ मध्ये दिमित्री ग्रिनबर्ग यांनी एटीमेगा १२८४पी या आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर एआरएम या कितीतरी मोठ्या प्रोसेसरचा एम्युलेटर लिहिला, जुन्या पीसीतली १६ एमबीची मेमरीची पट्टी तारांनी जोडली आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालवली. सोंगातला एआरएम सुमारे ६.५ किलोहर्ट्झने धावत होता. कमांड लिहिण्याजोगा प्रॉम्प्ट यायला दोन तास. २०२४ मध्ये त्यांनी पायरी आणखी खाली नेली: इंटेलचा १९७१ सालचा ४००४, चार बिटांचा, त्याच्यावर मिप्स आर३००० या प्रोसेसरचे सोंग आणि त्या सोंगावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. बूट व्हायला ४.७६ दिवस. ते सर्किट भिंतीवर टांगून ठेवता येईल असे बनवलेले आहे.

इतक्या सावकाश यंत्रात घड्याळाचे काय करायचे, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. समजा लिनक्सला सेकंदाला १०० ठोके हवेत आणि सोंगातला प्रोसेसर सेकंदाला ६,५०० हुकूम चालवतो. दोन ठोक्यांच्या मध्ये ६५ हुकूम मावतात. एक ठोका पडल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रजिस्टरे बाजूला ठेवतो, वेळ वाढवतो, कुणाची पाळी ते बघतो, रजिस्टरे परत आणतो. एवढ्यालाच ६५ पेक्षा जास्त लागतात. पहिला ठोका उरकायच्या आत दुसरा दारात उभा आणि संगणक जन्मभर फक्त किती वाजले ते बघत बसतो. म्हणून अशा एम्युलेटरमध्ये घड्याळ भिंतीवरच्या वेळेला न बांधता चाललेल्या हुकमांच्या मोजणीला बांधतात. मग बाहेर दोन तास गेले तरी आतल्या लिनक्सच्या हिशेबाने यंत्र नुकतेच सुरू झालेले असते.